मुन्नाची यादी

तयार कपडे विकत घेणे सोपे असते. दुकानात जायचे, अंगाला लावून पाहायचे, पैसे द्यायचे आणि पिशवी घेऊन घरी यायचे. पण कापड घेऊन शिवायचे ठरवले, की कापड किती, अस्तर कोणते, बटणे कशी, शिंपी कोण, असे दहा प्रश्न उभे राहतात. संगणकाचेही तसेच आहे. तो तयार मिळतो आणि सुटे भाग घेऊन जोडताही येतो. खेळांसाठी संगणक घेणारी मुले बहुधा दुसरा मार्ग धरतात. त्यात प्रत्येक रुपया कुठे जातो, ते आपल्याला ठरवता येते. मात्र काही चुकले, तर ती चूकही आपलीच असते.

२०२३ च्या मे महिन्यातली गोष्ट. मी भिवंडीला आपाकडे गेलो होतो. माझा भाचा बारावीची परीक्षा देऊन मोकळा झाला होता. घरात त्याला सगळे मुन्ना म्हणतात. मिशी फुटली, तरी नाव तेच राहिले. जेवण झाल्यावर त्याने वहीचे एक पान माझ्यापुढे ठेवले.

"मामू, जरा बघा ना. खेळांसाठी संगणक घ्यायचा आहे."

हे वाक्य मला आवडले. आमच्या वेळी आम्ही "अभ्यासासाठी" म्हणून संगणक मागायचो आणि नंतर त्यावर काय करायचो, ते सर्वांनाच माहीत असायचे. मुन्नाने खोटे सांगितले नव्हते.

त्याच्याकडे पासष्ट हजार रुपये होते. त्यांतले चाळीस हजार त्याने दोन वर्षे संध्याकाळी मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम करून जमवले होते. उरलेले पंचवीस हजार दुल्हाभाईंनी दिले होते. दुल्हाभाई यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर आहेत, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे कारीगर. पंचवीस हजार रुपये ही त्यांच्यासाठी लहान रक्कम नव्हती. ते देताना त्यांनी काही विचारले नाही, असे आपाने मला स्वयंपाकघरात हळूच सांगितले.

मी यादी वाचू लागलो. पहिल्या ओळीत ग्राफिक्स कार्डाचे नाव होते आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. त्यानंतर प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि कॅबिनेट. अगदी शेवटच्या ओळीत लिहिले होते, 'पॉवर सप्लाय, १२०० रुपये'. मॉनिटरचे नावच नव्हते.

"मॉनिटर कुठे आहे?"

"चुलतभावाकडे जुना पडला आहे, मामू. चौकोनी आहे, पण चालतो. ते पैसे मी कार्डात घातले."

आता तुम्हीच सांगा, मुन्नाचे काही चुकले का? खेळ सुंदर दिसायला हवा, तर चित्र काढणारे कार्ड सगळ्यांत मोठे हवे, असे कोणालाही वाटेल. मलाही एकेकाळी वाटले होते. पण संगणकात खेळ चालतो कसा, ते आधी पाहू.

पडद्यावर जे हलते, ते खरे म्हणजे हलत नसते. सिनेमाप्रमाणेच एकामागून एक स्थिर चित्रे भराभर दाखवली जातात. चेंडू कुठे गेला, शत्रू कोणत्या भिंतीआड उभा आहे, तुम्ही कोणते बटण दाबले, हा हिशेब प्रोसेसर करतो आणि कार्डाला चित्राची मागणी देतो. कार्ड ते चित्र रंगवते. मॉनिटर ते तुम्हाला दाखवतो. आता समजा, कार्ड सेकंदाला दीडशे चित्रे रंगवू शकते. पण प्रोसेसर मागणी देतो साठांचीच. मग कार्ड उरलेला वेळ नुसते बसून राहील. प्रोसेसर आणि कार्ड दोघेही दीडशेला तयार असले आणि मॉनिटर सेकंदाला साठच चित्रे दाखवणारा असला, तरी उरलेली नव्वद तुमच्या डोळ्यांपर्यंत पोचत नाहीत.

मी हे मुन्नाला सांगत होतो, तेव्हा दुल्हाभाई शेजारी पान लावत बसले होते. ते मान वर न करता म्हणाले, "मागाला मोठी मोटर बसवली म्हणून कापड जास्त निघत नाही. धोटा आपल्याच वेगाने जातो. जबरदस्ती केली, तर सूत तुटतं आणि माग थांबतो."

अर्धा तास मी जे समजावत होतो, ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितले. मुन्नाने यादी मागे ओढून घेतली आणि पेन्सिल काढली.

पण मला खरी काळजी वाटत होती ती शेवटच्या ओळीची. त्या बाराशे रुपयांचे कारण सांगायचे, तर मला माझी एक गोष्ट तुम्हाला सांगावी लागेल.

२००५ साली मी अकरावीत होतो. भाईजान औषधांच्या दुकानात नोकरीला होते. मी महिनाभर मागे लागलो, तेव्हा त्यांनी माझ्यासाठी संगणक घेतला, बारा हप्त्यांवर. दुकानात सुटे भाग निवडताना माझ्या लक्षात आले, की पॉवर सप्लाय थोडा स्वस्तातला घेतला तर सातशे रुपये वाचतात आणि तेवढ्यात ग्राफिक्स कार्ड एक पायरी वरचे मिळते. भाईजान म्हणाले, "दुकानदार सांगतो तोच घे ना." मी हट्ट धरला. पत्र्याची ती पेटी हातात घेतल्यावर फारच हलकी लागली होती, हे मला अजून आठवते. पण तेव्हा त्याचा अर्थ कळला नव्हता.

चार महिने मजेत गेले. जून आला, पाऊस आला आणि आमच्या गल्लीतली वीज नेहमीप्रमाणे कमीजास्त होऊ लागली. एका संध्याकाळी 'फट' असा आवाज झाला आणि जळका वास आला. पडदा काळा झाला. तपासल्यावर कळले, की पॉवर सप्लाय जाताना एकटा गेला नव्हता. त्याने मदरबोर्ड आणि हार्ड डिस्कही बरोबर नेली होती. दुरुस्तीला पैसे नव्हते. संगणक बंद पडला. हप्ते मात्र आठ महिने चालूच राहिले. दर महिन्याच्या पाच तारखेला भाईजान पाकिटात पैसे मोजून ठेवत. मी समोर असलो, तर पाठ वळवून मोजत. मला त्यांनी कधी एका शब्दाने बोलून दाखवले नाही. दाखवले असते, तर बरे झाले असते.

पॉवर सप्लायचे काम काय असते? घरात येते ती २३० व्होल्टची, सारखी दिशा बदलणारी वीज. संगणकाच्या भागांना लागते ती १२, ५ आणि ३.३ व्होल्टची, एकाच दिशेने वाहणारी वीज. हा बदल करणारी पेटी म्हणजे पॉवर सप्लाय. दुकानदार तिला एसएमपीएस म्हणतात. चांगल्या पेटीत पहारेकरी बसवलेले असतात. व्होल्ट मर्यादेबाहेर गेले किंवा कुठे शॉर्ट झाले, तर ती स्वतः बंद होते आणि बाकीचे भाग वाचतात. स्वस्त पेटीत हे पहारेकरीच वगळलेले असू शकतात. बाहेरून मात्र दोन्ही पेट्या सारख्याच दिसतात. पुष्कळ पेट्यांवर '८० प्लस' अशी खूण असते. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किमान ऐंशी टक्के वीज भागांपर्यंत पोचते, असा तिचा अर्थ आहे. ती खूण बचतीची आहे, सुरक्षिततेची नाही, हे दुकानात फारसे कोणी सांगत नाही. म्हणून नुसती खूण पाहू नये. पेटीत कोणकोणती संरक्षणे आहेत आणि हमी किती वर्षांची आहे, तेही वाचावे.

मुन्नाने गोष्ट ऐकली. त्याने बाराशेचा आकडा खोडला, पण पुढे काही लिहिले नाही. म्हणाला, "बाजारात बघू."

दोन दिवसांनी आम्ही निघालो. ठाण्यापर्यंत बस, तिथून दादर आणि दादरला गाडी बदलून ग्रँट रोड. स्टेशनच्या पूर्वेला उतरून थोडे चालले, की लॅमिंग्टन रोड लागतो. १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावाचा हा रस्ता. आता त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. पण लोकांच्या तोंडी जुनेच नाव बसले आहे. दोन्ही बाजूंना संगणकाच्या आणि इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानांची रांग. फुटपाथवर खोक्यांच्या थप्प्या. प्रत्येक दारातून हाक, "बोला, काय पाहिजे?"

मुन्नाला मी आधीच सांगून ठेवले होते, की पहिल्या दुकानात काही घ्यायचे नाही. तीन-चार दुकानांतून कोटेशन लिहून घ्यायचे, मग चहा प्यायचा, मग ठरवायचे.

प्रोसेसरचा प्रश्न लवकर सुटला. एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६०० हा सहा गाभ्यांचा प्रोसेसर २०२२ साली आला होता. त्याहून नवे तोपर्यंत निघाले होते, पण त्यांना नवा मदरबोर्ड आणि नव्या जातीची रॅम लागत होती. ते आमच्या खिशाबाहेरचे होते. रॅम सोळा जीबीची हवी होती. मुन्ना एकच पट्टी घेणार होता. मी आठ-आठच्या दोन घ्यायला लावल्या. प्रोसेसर आणि रॅम यांच्यामध्ये दोन दारे असतात. एकच पट्टी लावली, तर एक दार बंदच राहते.

खरी परीक्षा कार्डाच्या दुकानात झाली. दुकानदाराने दोन कार्डे काचेवर ठेवली. एक होते रेडिऑन आरएक्स ६६००, खोक्यात बंद, नवे, तीन वर्षांच्या वॉरंटीचे. किंमत बावीस हजार. दुसरे होते मुन्नाने रेघा ओढलेले आरटीएक्स ३०७०. ते वापरलेले होते. खोके नाही, बिल नाही. पण किंमत तेवढीच आणि वेग बराच जास्त!

हे एवढे स्वस्त कसे, असे तुम्ही विचाराल. इथेरियम नावाचे एक आभासी चलन आहे. ते मिळवण्यासाठी लोक अशी कार्डे रात्रंदिवस चालवत असत. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली पद्धत बदलली आणि त्या कामासाठी कार्डांची गरजच संपली. मग ती कार्डे जगभरच्या बाजारांत जुन्या मालात आली. ती सगळीच खराब असतात, असे मी म्हणणार नाही. काही वर्षानुवर्षे चालतात. पण आपल्या हातात आलेले कार्ड कोणते, हे बाहेरून ओळखता येत नाही आणि बिल नसले, की विचारायला जागा उरत नाही.

मुन्नाने ३०७० हातात घेतले. बराच वेळ तो ते ठेवीना. मी काही बोललो नाही. पैसे त्याचे होते, त्याच्या अब्बांचे होते. माझे नव्हते. शेवटी त्याने खिशातून पेन्सिल काढली आणि दुकानदाराला विचारले, "हे किती वॉट घेतं?"

"दोनशे वीस. साडेसहाशे वॉटचा पॉवर सप्लाय लागेल."

"आणि हे?"

"एकशे बत्तीस."

मुन्नाने कोटेशनच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला. ३०७० घेतले, तर मोठा पॉवर सप्लाय आला. मग मॉनिटरला पैसे उरत नव्हते. तो मान खाली घालून म्हणाला, "नवं द्या."

त्या वेळी त्याचा चेहरा उतरलेला होता, हे मी लपवणार नाही. मोठ्या माणसांना शहाणपणाचा निर्णय घेतलेला मुलगा फार आवडतो; पण हातातले आवडते खेळणे परत ठेवताना मुलाला काय वाटते, ते त्याचे त्यालाच कळते.

पॉवर सप्लाय घेताना वेळ लागला नाही. ५५० वॉटचा, पाच वर्षांच्या वॉरंटीचा, तीन हजार आठशे रुपयांचा. मुन्नाने तो उचलला आणि तळहातावर तोलून पाहिला. मग माझ्याकडे पाहून हसला.

आता राहिला मॉनिटर. चुलतभावाच्या जुन्या मॉनिटरची एक अडचण मुन्नाला तोपर्यंत माहीतच नव्हती. त्याला निळ्या टोकाची व्हीजीए केबल लागत होती. नव्या कार्डावर तशी जागाच नसते. तिथे एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट ही दोनच प्रकारची तोंडे असतात. म्हणजे घरी जाऊन सगळे जोडले असते आणि मॉनिटर हातात घेऊन बसावे लागले असते.

दुकानदाराने आधी एक चकचकीत फोरके मॉनिटर दाखवला. मुन्नाचे डोळे चमकले. मी त्याला गुणाकार करायला सांगितला. साध्या मॉनिटरवर १९२० आडवे आणि १०८० उभे ठिपके असतात. एकूण झाले २० लाख ७३ हजार ६००. फोरकेवर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२ लाख ९४ हजार ४००. बरोबर चौपट! प्रत्येक चित्रात कार्डाला चौपट ठिपके रंगवायचे. आमचे कार्ड त्या ओझ्याखाली धापा टाकले असते.

मग दोन मॉनिटर शेजारी शेजारी लावले. दोन्ही चोवीस इंची, दोन्हींवर ठिपके सारखेच. एक सेकंदाला ६० चित्रे दाखवणारा, म्हणजे ६० हर्ट्झचा. दुसरा १४४ हर्ट्झचा. पहिल्यात नवे चित्र सुमारे १७ मिलिसेकंदांनी येते, दुसऱ्यात सुमारे ७. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. एवढा फरक कुठे दिसणार, असे मलाही वाटले होते. दुकानदार म्हणाला, "काही करू नकोस, बेटा. फक्त माउसचा बाण गोल गोल फिरव." मुन्नाने फिरवला. पहिल्या पडद्यावर बाण उड्या मारत होता. दुसऱ्यावर तो पाण्यातल्या माशासारखा सरकत होता. मुन्ना काही बोलला नाही. पण तो पुन्हा पहिल्या पडद्याकडे गेला नाही.

तुम्ही मॉनिटर घ्यायला गेलात, तर खोक्यावरचे आकडे वाचा, पण त्यांच्यावर फार भिस्त ठेवू नका. 'एक मिलिसेकंद' असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते. ते बहुधा एखाद्या खास सेटिंगवर मोजलेले असते. त्यापेक्षा पडद्यासमोरून उठून बाजूला जाऊन उभे राहा. टीएन जातीच्या पडद्यावर बाजूने रंग फिके, विचित्र दिसू लागतात. आयपीएस पडद्यावर ते बरेचसे तसेच राहतात. व्हीए पडद्याचा काळा रंग गडद आणि सुंदर असतो, पण काही व्हीए पडद्यांवर अंधारातली हालचाल मागे सावली सोडते. पैसे देण्यापूर्वी पडदा एकदा पूर्ण पांढरा आणि एकदा पूर्ण काळा करून बघा. एखादा ठिपका मेलेला असेल, तर तिथेच दिसतो. हे आम्ही केले, म्हणून बरे. पहिल्या मॉनिटरच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका काळ्या पडद्यावरही जळत राहिला होता. दुकानदाराने कुरकुर न करता दुसरे खोके उघडले. तो १४४ हर्ट्झचा आयपीएस मॉनिटर साडेदहा हजारांना मिळाला.

यूपीएस घ्यायचा राहिला. कॅबिनेट अगदी साधे घेतले, त्याला रंगीत दिवे नव्हते. ठाण्याच्या बससाठी पैसे मी दिले.

रात्री आपाने जमिनीवर स्वच्छ चादर अंथरली आणि मुन्ना जोडणीला बसला. प्रोसेसर बसवताना त्याचे हात थरथरत होते. साडेअकराला त्याने बटण दाबले. पंखे फिरू लागले. पडदा मात्र काळाच!

त्या क्षणी माझ्या पोटात खड्डा पडला. मला २००५ मधली ती संध्याकाळ आठवली. मी नकळत हवेचा वास घेतला. मुन्ना माझ्याकडे पाहत होता आणि मला काही सुचत नव्हते. तेवढ्यात सातवीत शिकणारी माझी भाची वाकून मागे बघत म्हणाली, "भाईजान, दोन जागा आहेत ना? तुम्ही वायर वरच्या जागेत लावली आहे. कार्ड तर खाली आहे."

आमच्या प्रोसेसरमध्ये स्वतःचे चित्र काढण्याची सोय नाही. त्यामुळे मदरबोर्डवरच्या त्या जागेत केबल लावून काहीच दिसणार नव्हते. केबल खाली कार्डात लावली आणि पडद्यावर अक्षरे उमटली. आपाने "अल्लाचे आभार!" म्हणून भाचीच्याच डोक्यावरून हात फिरवला. मुन्ना थोडा खट्टू झाला.

आणखी एक गंमत. मॉनिटर १४४ हर्ट्झचा घेतला, तरी विंडोजमध्ये तो ६० वरच चालत होता. ती सेटिंग आपणच जाऊन बदलावी लागते. माउसचा बाण दुकानातल्यासारखा सरकत नाही, हे मुन्नाच्या लक्षात आले, म्हणून बरे. नाहीतर साडेदहा हजारांचा मॉनिटर वर्षभर अर्ध्या वेगाने चालला असता.

सकाळी सहा वाजता दुल्हाभाई रात्रपाळी करून आले. मुन्ना झोपलाच नव्हता. अंगावरचा कापूस झटकून दुल्हाभाई पडद्यासमोर उभे राहिले. पडद्यावर एक मोटार डोंगरातल्या रस्त्यावरून पळत होती. त्यांनी थोडा वेळ ती पाहिली. मग विचारले, "ती पेटी कोणती? वीज देणारी?"

मुन्नाने कॅबिनेटच्या मागच्या बाजूला खाली बोट दाखवले. दुल्हाभाई गुडघ्यांवर बसले. कारखान्यात मागाच्या मोटरवर ठेवतात, तसा त्यांनी तिथे पंजा ठेवला आणि काही वेळ तसाच राहू दिला.

"गरम नाही," ते म्हणाले आणि हातपाय धुवायला मोरीकडे गेले.